स्क्रूला हात लावण्याआधी गाळणी बघा

पाण्याच्या लाइनवरच्या प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हच्या (दाब कमी करून पाणी पुढे सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढचं प्रेशर वाढलं की बहुतेक जण पाना घेऊन थेट पायलटच्या, म्हणजे त्याला चालवणाऱ्या छोट्या व्हॉल्व्हच्या, स्क्रूकडे जातात. मी आधी गाळणी उघडतो.

पायलटवर चालणाऱ्या प्रेशर रिड्यूसिंग व्हॉल्व्हमध्ये इनलेटकडून एक बारीक नळी निघते. तिच्यातलं पाणी गाळणीतून आणि ओरिफिसच्या छोट्या भोकातून डायफ्रामवरच्या (रबरी पडद्यावरच्या) कप्प्यात येतं, डायफ्रामला खाली दाबतं आणि व्हॉल्व्ह बंद होऊ लागतो. पायलट हेच पाणी आउटलेटकडे सोडतो, तेव्हा कप्प्यातला दाब उतरतो आणि व्हॉल्व्ह उघडतो. आता गाळणी चोंदली तर? कप्पा भरतच नाही, व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि इनलेटचं सगळं प्रेशर पुढे जातं. रात्री वापर थांबला की जुने सांधे त्यातच उडतात. स्क्रू कितीही सैल केला तरी गेजचा काटा खाली येत नाही, आणि नंतर कुणी गाळणी धुतली की सेटिंग पार बिघडलेलं सापडतं. याच्या उलट, पायलटचा आउटलेटकडचा कॉक चुकून बंद राहिला तर कप्पा भरलेलाच राहतो आणि पुढे पाणीच जात नाही.

म्हणून गाळणी धुताना क्रम चुकवू नका. आधी आउटलेटकडचा स्लूस व्हॉल्व्ह (लाइन पूर्ण बंद करणारा व्हॉल्व्ह) बंद, मगच पायलट लाइनचे कॉक. नुसता पायलटचा इनलेट कॉक फिरवलात तर चोंदलेल्या गाळणीसारखाच परिणाम होतो. नव्या लाइनवर पहिल्याच दिवसांत गाळणी पुन्हा बघा. वेल्डिंगचे कण आणि वाळू तिथेच जमते.

गाळणी साफ असेल तर सेटिंगला बसा. दोन्ही बाजूंना चालू गेज हवेत आणि लाइनमध्ये पाणी वाहतं हवं. वापर बंद असताना दिसणारं प्रेशर थोडं चढंच असतं, त्यावर सेट केलं तर दिवसा पाणी कमी पडतं. लॉकनटच्या (स्क्रू जागेवर धरणाऱ्या नटच्या) वर स्क्रूचे किती आटे दिसतात ते वहीत लिहून ठेवा, म्हणजे परतीची वाट राहते. मग लॉकनट सैल करून स्क्रू पाव फेरा फिरवा. घड्याळाच्या दिशेने आवळला की आउटलेटचं प्रेशर वाढतं, उलट फिरवला की उतरतं. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर काटा स्थिरावेपर्यंत थांबा. इथे घाई करणाऱ्याचा मला खरंच राग येतो, कारण त्याची किंमत पुढच्या पाइपांना मोजावी लागते. किती ठेवायचं, याचा हिशोब सोपा आहे: एक किलो (दर चौरस सेंटीमीटरला) प्रेशर म्हणजे साधारण 10 मीटर उंची. सर्वांत उंच नळाची उंची, पाइपातली घट आणि नळाला लागणारं प्रेशर धरा. त्याहून जास्त ठेवलंत तर गळतीच वाढते.

काटा सारखा नाचत असेल तर बहुधा कप्प्यात हवा अडकलेली असते. कव्हरवरचा प्लग जरासा सैल करा. आधी फुसफुस होईल, मग दुधासारखं पांढुरकं पाणी येईल. नितळ धार लागली की आवळा. तरीही नाचला तर स्पीडची सुई (कप्प्यातल्या पाण्याची ये-जा कमी-जास्त करणारा स्क्रू) थोडी आवळून व्हॉल्व्हची चाल मंद करा. फक्त कमी वापराच्या वेळीच नाचत असेल, तर व्हॉल्व्ह त्या प्रवाहाला मोठा पडतोय. मग बायपासला (मोठ्या व्हॉल्व्हला वळसा घालणाऱ्या लाइनवर) छोटा व्हॉल्व्ह बसवून तो मोठ्यापेक्षा किंचित जास्त प्रेशरवर सेट करावा.

डायफ्राम फाटल्याची शंका असेल तर दोन्ही स्लूस व्हॉल्व्ह आणि पायलटचे सगळे कॉक बंद करा, कव्हरचा प्लग काढा आणि इनलेटचा स्लूस व्हॉल्व्ह अगदी थोडा उघडा. साठलेलं पाणी येऊन थांबलं तर डायफ्राम शाबूत आहे. धार थांबलीच नाही तर तो फाटलाय किंवा व्हॉल्व्हच्या दांड्यावर सैल झालाय.

कव्हर उघडण्याआधी आतलं प्रेशर पूर्ण सोडा, गेज शून्यावर आल्याची खात्री करा. खाली स्प्रिंग असते, त्यामुळे बोल्ट समोरासमोरचे घेत थोडे थोडे सैल करायचे. दांडा सरळ वर उचला, त्यावर क्षार चढले असतील तर खरवडू नका, सौम्य आम्लात बुडवून स्वच्छ पाण्याने धुवा. रबराला साधं ग्रीस लावू नका, त्याने ते फुगतं. सिलिकॉन ग्रीस चालतं. परत बसवताना बोल्ट पुन्हा समोरासमोरच आवळा, हवा काढा, आणि लॉकनट घट्ट करून नवे आटे जुन्या आकड्याच्या शेजारी तारखेसह लिहा.