खाजण, तेल आणि भरतीचं गणित: या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

तेलाने माखलेल्या पक्ष्याचा फोटो बघून समुद्रातल्या तेलगळतीशी लढायच्या या क्षेत्राकडे वळलेले खूप जण आहेत. मी त्यातलीच. म्हणून आधीच सांगते, पक्षी हातात येईपर्यंत बहुतेक लढाई हरून झालेली असते. खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्यात भिजणारी खाडीकाठची दलदल, वाचतं ते तेल खाडीच्या मुखाबाहेर असताना, आणि त्या वेळी पक्ष्यांवरच्या प्रेमापेक्षा भरती-ओहोटीची समज जास्त कामाला येते. हे पचायला मला बराच वेळ लागला. प्राणिशास्त्र शिकून आलेल्या माणसाला सुरुवातीलाच तेल अडवणाऱ्या अडसराच्या दोरांवरच्या ताणाचं गणित मांडायला बसवलं, की आपण चुकीच्या वर्गात शिरलो असं वाटतं. मला अजूनही अधूनमधून वाटतं.

बूम (तेल अडवणारा, खाली पाण्यात पडदा सोडलेला तरंगता अडसर), स्किमर (पाण्यावरचं तेल ओढून घेणारं यंत्र), शोषक पट्ट्या म्हणजे काय हे तुम्हाला ढोबळ माहीत आहे असं धरून चालते. प्रशिक्षणात हे सगळं शिकवतात. पण शिकवूनही डोक्यात न उतरणारी एक गोष्ट आहे आणि तिच्यावर मी जरा लांबण लावणार आहे.

खाडीचं मुख दिसलं, मागे हिरवंगार खाजण दिसलं, की हात आपोआप नकाशावर या काठापासून त्या काठापर्यंत सरळ रेघ ओढतो. दार लावलं, काम झालं! माझ्या सुरुवातीच्या सगळ्या आराखड्यांत अशाच रेघा असायच्या आणि कागदावर त्या फार छान दिसायच्या.

तरंगतं बूम हे दार नाही. त्याच्यावर काटकोनात येणाऱ्या प्रवाहाचा वेग साधारण ०.७ नॉटच्या, म्हणजे सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर गेला, की बूमसमोर साठलेल्या तेलाच्या तळातून थेंब सुटायला लागतात आणि पाण्याबरोबर खालून पलीकडे जातात. खालचा पडदा आणखी खोल घेतला तर थांबेल, असं प्रत्येकाला वाटतं. थांबत नाही. उथळ खाडीत तर उलटंच होतं. खोल पडद्याखालून पाण्याला जायला जागा कमी उरते, तिथला वेग वाढतो आणि जास्त तेल ओढलं जातं. वरून बघणाऱ्याला बूम जागेवर, ताठ, अगदी फोटो काढण्यासारखं दिसतं, आणि तेल खाजणात पोचलेलं असतं.

हे सरावात का कळत नाही? कारण सराव ठेवतात तो पाणी स्थिर असताना. भरती संपून ओहोटी लागायच्या मधल्या वेळात बोटी सांभाळायला सोप्या जातात, बूम सुरेख लागतं, सगळे टाळ्या वाजवून किनाऱ्यावर परततात. दोन-तीन तासांनी तेच पाणी जोर धरतं तेव्हा बघायला कोणी नसतं. म्हणून सरावाचा अहवाल हातात आला की आधी त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेल्या, दिवसांतल्या स्थिर पाण्यात यशस्वी ठरलेला आराखडा उधाणाच्या दिवशी काहीही सिद्ध करत नाही.

उपाय आहे. बूम प्रवाहाला आडवं न टाकता तिरकं टाकायचं, म्हणजे त्याच्यावर काटकोनात येणारा वेगाचा भाग ०.७ नॉटच्या आत राहतो. प्रवाह १ नॉट असेल तर ४५ अंशांचा कोन चालतो. १.५ नॉटला साधारण २८ अंश, २ नॉटला २०, आणि ३ नॉटला जेमतेम १३. हा कोन प्रवाहाच्या दिशेपासून मोजायचा, काठापासून नाही. इथे अजूनही अनुभवी लोकांची गल्लत होते. आता याचा खर्च बघा. १०० मीटर रुंदीचं मुख २ नॉटच्या प्रवाहात अडवायचं तर लागणारं बूम १०० मीटर नसून जवळजवळ २९० मीटर आहे. तेवढं गोदामात आहे का? ताणाचंही असंच. १०० मीटर आडवं बूम, पाण्यात ६० सेंटिमीटर पडदा आणि अर्ध्या नॉटचा प्रवाह असेल तर सुमारे दीड टन ओढ बसते. प्रवाह दुप्पट झाला की ओढ चौपट, म्हणजे सहा टन. मऊ चिखलात रोवलेला नांगर ती किती वेळ सोसणार, याचा विचार आराखड्यात क्वचितच असतो.

आणि तिरकं बूम तेल थांबवत नाही, वळवतं. वळवलेलं तेल कुठेतरी लागणारच. ती जागा आधी निवडावी लागते: शक्यतो वाळूचा काठ, मागे रस्ता, स्किमर आणि टँकर उभे राहतील एवढी मोकळी जमीन. म्हणजे एक काठ वाचवण्यासाठी दुसरा काठ आपण स्वतःहून खराब होऊ देतो. हे मान्य करणं नवख्यांना फार जड जातं, पण त्याला पर्याय नाही. शिवाय सहा तासांनी पाणी फिरतं. भरतीसाठी लावलेलं बूम ओहोटीत उलटं फुगतं आणि धरून ठेवलेलं तेल सोडून देतं, म्हणून दुसऱ्या दिशेचे नांगर आधीच टाकलेले हवेत. पाणी उतरल्यावर साधं बूम चिखलावर वेडंवाकडं बसतं, खाली फटी राहतात. काठाजवळच्या पट्ट्यात खालचे कप्पे पाण्याने भरलेलं, जमिनीला चिकटून बसणारं बूम लागतं. आणि वादळाचा अंदाज असेल तर बूम काढून घ्यायची माणसं कोण, हेही लिहून ठेवा. २०१० मध्ये ‘डीपवॉटर होरायझन’ तेलगळतीच्या वेळी अमेरिकेत लुइझियानात सुटलेली बूमं वाऱ्याने खाजणात जाऊन पडली आणि ज्या गवताला वाचवायचं त्यालाच त्यांनी चिरडलं.

घाबरू नका, यातलं गणित शाळेतल्या त्रिकोणमितीच्या पुढे जात नाही. मला गणिताची धास्ती होती, अजून आहे, तरी जमतं. प्रवाह मोजायला यंत्रही लागत नाही. काठावर १० मीटर अंतर मोजा, पाण्यात लाकडाचा तुकडा सोडा, मोबाइलवर वेळ लावा. तुकडा २८ सेकंदांच्या आत पलीकडे गेला, तर तिथे आडवं बूम टिकणार नाही. हे भरती मध्यावर असताना करा, उधाणाच्या दिवसांत तर नक्की करा. उघड्या पाण्यावरचा तवंग कुठे जाईल याचा ढोबळ अंदाजही असाच सोपा आहे: प्रवाहाचा पूर्ण वेग आणि त्यात वाऱ्याच्या वेगाचे ३ टक्के. म्हणजे २० नॉटचा वारा तेलाला ०.६ नॉटने ढकलतो. संगणकावरचं अंदाजाचं मॉडेल उघडायच्या आधी हे हाताने काढायची सवय लावा, मॉडेल चुकलं तर लगेच लक्षात येतं.

आता खाजणात शिरलेल्या तेलाबद्दल. इथे मी कडक बोलणार आहे. फावडं घेऊन आत उतरू नका. चिखलाच्या वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन जवळजवळ नसतो, त्यामुळे तिथे पोचलेलं तेल जीवाणू फार सावकाश खातात. तुमचा प्रत्येक पाय तेलाला त्याच थरात दाबतो. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फाल्मथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाचा तेलाचा बार्ज खडकांवर चढला. वाइल्ड हार्बरच्या खाजणात शिरलेलं ते हलकं इंधन तीस वर्षांनंतरही पृष्ठभागाखाली सापडलं, आणि तिथले फिडलर खेकडे बिळं खणताना त्या थराला टाळून वळत होते. तिथे तेल आपसूकच खाली गेलं होतं. आपण तुडवून त्याला मदत करायची गरज नाही.

दुसरं उदाहरण सफाईचंच आहे. मार्च १९७८ मध्ये ‘अमोको कॅडिझ’ हा टँकर फ्रान्समध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावर फुटला आणि सुमारे २,२०,००० टन कच्चं तेल सांडलं. इल ग्रांदच्या खाजणात यंत्रं घालून तेलकट मातीचा थर उचलला गेला. जमिनीची पातळी खाली गेली, गवताला परत रुजायला हवी ती उंचीच राहिली नाही. तेल लागूनही न खणलेली खाजणं त्याच्या आधी सावरली.

मग नेहमी हात बांधून बसायचं का? नाही. लुइझियानात २०१० च्या त्याच गळतीत बाराटारिया उपसागराच्या उत्तर भागात आडव्या पडलेल्या गवतावर तेलाचा जाड थर बसला होता. तिथे आधी लहान तुकड्यांवर पद्धती तपासल्या, मग फळ्या टाकून त्यांच्यावर उभं राहून गवत कापलं आणि थर खरवडला. ते योग्यच होतं. ‘काही करू नका’ हाही एक निर्णय आहे आणि तो पाहणी करून, कारण लिहून घ्यायचा असतो. किनारा तुकड्यातुकड्यांत विभागून तेलाचं प्रमाण नोंदवण्याची पद्धत, जिला सगळे स्कॅट म्हणतात, ती १९८९ च्या ‘एक्सॉन वाल्डीझ’ गळतीनंतर रुळली. ती नीट शिका. या क्षेत्रात सगळ्यात लवकर नोकरी देणारं कौशल्य तेच आहे, कारण चिखलाच्या कडेने दिवसभर चालून प्रामाणिक फॉर्म भरणारी माणसं कमी आहेत. संवेदनशीलतेचे नकाशेही वाचता यायला हवेत. त्यात १ म्हणजे लाटा झेलणारा उघडा खडक आणि १० म्हणजे खाजण व खारफुटी. याहून जास्त त्याबद्दल इथे लिहीत नाही, ते एका दुपारी समजतं.

पक्ष्यांकडे यायचं तर, धुणं हे शेवटचं काम आहे. तेलामुळे पिसांची जलरोधक रचना मोडते, पक्षी गारठतो, चोचीने पिसं साफ करताना तेल पोटात जातं. तो थकलेला, शुष्क झालेला पक्षी आणल्या आणल्या टबात बुडवला तर धक्क्यानेच मरतो. आधी ऊब, पाणी, विश्रांती. मग पुरेसं बळ आल्यावर कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाने धुणं, आणि त्याहून जास्त वेळ साबण काढणं, कारण साबण राहिला तरी पिसं भिजतातच. प्रशिक्षण नसताना पक्ष्यामागे धावू नका. तो घाबरून खाजणात आणखी आत जातो आणि तुम्ही त्याच्या मागे चिखल तुडवता.

मला सगळ्यात आवडणारं उदाहरण न माखलेल्या पक्ष्यांचं आहे. जून २००० मध्ये केपटाउनजवळ ‘ट्रेझर’ हे लोहखनिजाचं जहाज बुडालं आणि त्याचं इंधन समुद्रात पसरलं. तिथे सुमारे १९,००० माखलेले पेंग्विन गोळा केलेच, पण आणखी सुमारे १९,५०० स्वच्छ पेंग्विन आधीच पकडून दूर पोर्ट एलिझाबेथजवळ समुद्रात सोडले. ते पोहत घरी येईपर्यंत किनाऱ्याजवळचं तेल काढायला वेळ मिळाला. ज्याने कोणी हा विचार पहिल्यांदा बोलून दाखवला, त्याला खोलीतल्या किती जणांनी वेड्यात काढलं असेल!

आडवाटांबद्दल माझी मतं टोकाची आहेत, हवं तर सोडून द्या. केस भरून केलेली बूमं: भावना चांगली, पण केस तेलाइतकंच पाणी आनंदाने पितात आणि बुडतात. मग तेलकट केसांचा ढीग चिखलातून काढायचं नवं काम. जीवाणूंची जादूची पावडर: चिखलात कमतरता ऑक्सिजनची असते, जीवाणूंची नाही. खाजणाजवळच्या उथळ पाण्यात डिस्पर्संट, म्हणजे तेलाचे बारीक थेंब करून पाण्यात मिसळवणारं रसायन, फवारू म्हणणाऱ्याला तेल कुठे जाईल एवढंच विचारा. पाणीच कमी असल्यामुळे ते पातळ होत नाही, मासळीच्या पिल्लांपर्यंत आणि शिंपल्यांपर्यंत पोचतं. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रांवरही माझा फारसा विश्वास नाही, फक्त सुरक्षेचं प्रशिक्षण याला अपवाद. ताज्या कच्च्या तेलातून बेंझीन उडतं, हायड्रोजन सल्फाइड असू शकतो, आणि त्याचा वास ठरावीक प्रमाणापुढे नाकाला कळेनासा होतो. गॅस मोजल्याशिवाय जवळ जायचं नाही, वारा जिकडून येतो त्या बाजूला थांबायचं. इथे धीटपणा दाखवणाऱ्याबरोबर काम करू नका, मग तो कितीही मोठा असो.

मार्गदर्शक निवडताना मोठमोठ्या गळत्यांच्या गोष्टी सांगणाऱ्यापेक्षा ‘भरती किती वाजता आहे?’ असं आधी विचारणारा बघा. एका वरिष्ठांनी मला बराच काळ फक्त नांगरांच्या जागा खुणावायला ठेवलं होतं. तेव्हा राग यायचा, आणि खरं सांगायचं तर थोडा अजून आहे. पण खाडीचा तळ कुठे धरतो आणि कुठे सोडतो हे मला तिथेच कळलं. स्थानिक नावाड्यांना ते आधीपासून माहीत असतं. त्यांना बैठकीत शेवटच्या रांगेत बसवू नका.

गळत्या रोज होत नाहीत आणि होऊ नयेत. नोकरीचे बहुतेक दिवस आराखडे, नकाशे, सराव आणि खोट्या बातम्या तपासण्यात जातात. खाजणात इंद्रधनुषी तवंग दिसल्याची तक्रार आली, तर बऱ्याचदा ती लोहजीवाणूंची साय निघते. काठीने ढवळा. तुकडे तुटून वेगवेगळे राहिले तर जीवाणूंचं काम, पुन्हा वाहत येऊन जुळलं तर तेल. तेल असेल तर रंग नोंदवा. चंदेरी तवंगाची जाडी ०.०४ ते ०.३ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असते, इंद्रधनुषी ०.३ ते ५, म्हणजे एक चौरस किलोमीटरला ३०० ते ५,००० लिटर. फोनवर नुसतं ‘खूप तेल आहे’ असं सांगण्यापेक्षा रंग, लांबी-रुंदी, वेळ आणि भरतीची अवस्था सांगा. समोरचा माणूस त्यावरून बोट काढायची की नाही ते ठरवतो.