हात उजवा, डोळा डावा: नेमबाजी शिकताना या चुका टाळा

रेंजवर नवा माणूस आला की मी आधी विचारतो, "तुमचा मास्टर आय कोणता?" उत्तर ठरलेलं. "सर, मी उजवा आहे." अहो, हात नाही विचारला मी.

दहातली नऊ माणसं उजव्या हाताची असतात. डोळ्याचं गणित वेगळं आहे. साधारण तिघांत एकाचा मास्टर आय डावा निघतो. दोन्ही डोळे उघडे असताना दिशा ठरवायला मेंदू ज्या डोळ्याचं चित्र धरतो, तो मास्टर आय. त्याचा चष्म्याच्या नंबराशी संबंध असेलच असं नाही. कमी दिसणारा डोळाही मास्टर असू शकतो. त्यामुळे "माझा उजवा डोळा सिक्स बाय सिक्स आहे" हे सांगून काही सिद्ध होत नाही.

एकदाच आणि घाईत तपासणं

उजव्या हाताचं बोट लांबच्या वस्तूवर रोखायचं, एक डोळा मिटायचा, बोट हललं की नाही बघायचं आणि निकाल जाहीर करायचा. ही तपासणी टाकाऊ नाही, पण उजवा हात पुढे केला की बोट आपोआप उजव्या डोळ्यासमोर जायला बघतं. तिथेच घोळ होतो.

मी पुठ्ठा वापरतो. वहीच्या पानाएवढा, मधोमध नाण्याएवढं भोक. तो दोन्ही हातांनी धरायचा, हात पूर्ण लांब, दोन्ही डोळे उघडे. मी समोर तीन-चार मीटरवर उभा राहतो आणि सांगतो, "भोकातून माझं नाक बघ." मला पलीकडून त्या भोकात त्याचा एक डोळा दिसतो. तोच मास्टर. त्याने काही सांगायची गरजच उरत नाही, त्यामुळे मनाचं उत्तर मिसळत नाही. हे दहा वेळा करायचं, दर वेळी हात खाली आणून. नेहमीचा चष्मा असेल तर तो लावून. दहापैकी दहा वेळा एकच डोळा आला तर प्रश्न मिटला. सहा-चार आलं तर ताबा पक्का नाही, अशा माणसाची तपासणी मी थकलेल्या संध्याकाळी पुन्हा घेतो. बंदूक या सगळ्यात कुठेही नाही. भरलेली नाही म्हणून ती कुणाच्या तोंडाकडे रोखून डोळा तपासायचा प्रकार मी पाहिलाय. तसं करणाऱ्याला मी त्या दिवशी रेंजवरून घरी पाठवतो.

डोळा सोडून बाकी सगळं दुरुस्त करणं

या चुकीवर मी जास्त बोलणार, कारण ती मी स्वतः केली आहे. दोन महिने.

ट्रॅप, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्या (क्ले) शॉटगनने फोडायचा खेळ, शिकायला एक मुलगा आला. चपळ, कान देऊन ऐकणारा, लिहायला-जेवायला उजवा, बंदूकही उजव्या खांद्याला. डावीकडे जाणाऱ्या क्ले तो बऱ्यापैकी फोडायचा. उजवीकडे जाणारी मात्र जवळजवळ प्रत्येक सुटायची. मी मागे उभा राहून बघायचो, छर्रे क्लेच्या मागून जाताना दिसायचे. मागून गेले म्हणजे लीड कमी, क्लेच्या जेवढं पुढे मारायला हवं तेवढं मारलं जात नाही. "अरे, पुढे घे, आणखी पुढे." त्याने पुढे घेतलं. उजवीकडच्या दोन-तीन फुटायला लागल्या आणि डावीकडच्या सुटायला लागल्या, आता पुढून! मग आम्ही दस्त्याच्या, म्हणजे बंदुकीच्या खांद्याकडच्या भागाच्या मागे लागलो. गाल टेकतो तो भाग वर केला, खाली केला, खांद्याला टेकणाऱ्या टोकापर्यंतची लांबी बदलली. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

एका दिवशी पंचवीसच्या फेरीत त्याच्या नऊ फुटल्या. वहीत मी प्रत्येक क्लेची दिशा लिहीत होतो. फुटलेल्या नऊपैकी सात डावीकडच्या. माझी ट्यूब तेव्हा पेटली. पुठ्ठा आणला, समोर उभा राहिलो. भोकात डावा डोळा. दहाच्या दहा वेळा.

आता हिशेब बघा. शॉटगनला मागची साइट, म्हणजे नेम जुळवायची मागची खूण, नसते, नळीच्या टोकाला फक्त बीड, एक बारीक मणी, असतो. मागच्या साइटचं काम डोळाच करतो. दोन डोळ्यांत साधारण सहा सेंटिमीटर अंतर, बीड डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर. बंदूक उजव्या डोळ्याखाली आणि बीड क्लेवर आणतोय डावा डोळा, तर नळी डावीकडे तिरकी होते. तीस मीटरवर ही चूक जवळजवळ दोन मीटर होते. क्लेचा व्यास ११ सेंटिमीटर आणि छऱ्यांचा फुलोरा साधारण मीटरभर. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात डावा डोळा पूर्ण वेळ ताबा घेत नाही, बऱ्याचदा चाप ओढायच्या क्षणी घेतो, म्हणून चूक कधी अर्धी, कधी पूर्ण, आणि म्हणूनच ती ओळखू येत नाही. डावीकडे जाणाऱ्या क्लेला हीच चूक फुकटचा लीड देते. उजवीकडच्या क्लेला ती मागे टाकते. मुलगा बरोबर होता, त्याचा सर चुकत होता.

त्या दिवशी त्याच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धुरकट चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावला. तुकडा कुठे लावायचा ते अंदाजाने ठरवू नका. रिकामी, उघडून दोघांनी पाहिलेली बंदूक सुरक्षित दिशेला धरून खांद्याला लावायची आणि डाव्या डोळ्याला बीड जिथून दिसतो नेमकी तीच जागा झाकायची. बाकी काच मोकळी राहते, त्यामुळे क्ले निघताना दोन्ही डोळ्यांना दिसते. पुढच्या फेरीत उजवीकडच्या चार फुटल्या. तो हसला, मी नाही हसलो. माझ्या डोळ्यांसमोर वाया गेलेली दोन महिन्यांची काडतुसं होती.

पट्टीवर काम भागतं. पण शिकायला लागून चार-सहा महिनेच झाले असतील तर माझं मत स्पष्ट आहे: खांदा बदला. या मुलालाही तेच सांगितलं. त्याला पटलं नाही. पट्टीने दोन दिवसांत फरक पडतो, खांदा बदलायला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढा धीर हल्ली कुणाकडे आहे? शेवटी तयार झाला. रोज घरी पन्नास वेळा डाव्या खांद्याला बंदूक लावायची, काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. पहिले तीन आठवडे त्याच्या फेऱ्या मी वहीत लिहिल्याच नाहीत. दहा-पंधरा वर्षं उजव्या खांद्याने मारणाऱ्याला मात्र मी खांदा बदलायला सांगत नाही. त्याच्यासाठी पट्टी बरी.

एक खोच आहे. खांदा बदलला तरी बंदूक तीच ठेवली तर गालफड सुजतं. उजव्या माणसाच्या दस्त्याला बाहेरच्या बाजूला बारीक बाक दिलेला असतो, तो डाव्या खांद्यावर उलटा पडतो आणि धक्का गालात बसतो. सरळ किंवा डावखुऱ्यांसाठीचा दस्ता घ्या.

दुसरा डोळा करकचून मिटणं

एअर रायफल आणि पिस्तूलवाल्यांची लाडकी चूक. दहा मीटरच्या सामन्यात साठ शॉट, पंचाहत्तर मिनिटं. सव्वा तास एक डोळा आवळून बसा, मग सांगा. गालाचा स्नायू ओढला जातो, उघड्या डोळ्याची पापणीही त्याच्याबरोबर खाली येते. शिवाय एक डोळा अंधारात गेला की दुसऱ्याची बाहुली थोडी मोठी होते आणि पिस्तूलच्या साइट्सच्या कडा मऊ दिसू लागतात. रायफलच्या टार्गेटवरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, तिथे ही चैन परवडत नाही.

दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि न वापरायच्या डोळ्यापुढे पांढरी, उजेड आत येऊ देणारी पट्टी लावा. काळी नको, काळ्या पट्टीने डोळा मिटल्यासारखाच परिणाम होतो. चष्म्याला लावायची पट्टी सामन्याच्या नियमांनुसार ३० मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. नवशिक्यांची तक्रार असते, "सर, विचित्र वाटतं." वाटतं. आठ दिवस वाटतं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढून परत डोळा मिटणाऱ्यांचं मी काय करावं?

बाकीच्या, थोडक्यात

पिस्तूलवाल्यांनी डोळा उलटा निघाला म्हणून हात बदलू नये. हात लांब आहे, साइट्स दूर आहेत. पिस्तूल दोन बोटं आत घ्या, चेहरा किंचित वळवा, झालं.

रायफल उजव्या खांद्याला ठेवून मान दस्त्यावरून पलीकडे वाकवायची आणि डाव्या डोळ्याने बघायचं, हे मुळीच नको. मान आखडते आणि गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकतो.

ग्रुप, म्हणजे टार्गेटवरचा गोळ्यांचा पुंजका, बाजूला गेला की लगेच साइटचा स्क्रू फिरवणारे: आधी डोळा तपासा, स्क्रू कुठे पळून जात नाही.

डावखुऱ्या मुलाच्या हातात "सवय होईल" म्हणून उजवी रायफल देणाऱ्या मोठ्या माणसांनो, त्या मुलाचा डोळा कोणता आहे ते तरी विचारा. डावा असेल तर त्याला डावीच रायफल द्या.

डावीकडून मारणाऱ्यांनी सेमी-ऑटोमॅटिक हातात घेण्याआधी रिकामं काडतूस कुठून बाहेर पडतं ते बघावं. उजवीकडे पडत असेल तर ते तुमच्या तोंडासमोरून जाणार. संरक्षक चष्मा तर सगळ्यांनाच हवा.

आणि चाळिशीनंतर जवळचा चष्मा लागला, मोतीबिंदू काढला किंवा नंबर बराच बदलला, तर पुठ्ठा पुन्हा काढा. माझा स्वतःचा डोळा आता दहापैकी सात वेळाच उजवा येतो.