फ्रेंच महिला धावपटूची कारकीर्द कशी मांडावी: लांब पल्ल्याच्या नोंदी वाचण्याची रीत

लांब पल्ल्याच्या धावपटूवर लिहायला बसले की हात आधी तिच्या सर्वोत्तम वेळेकडे जातो आणि घोळाची सुरुवात तिथेच होते. २ तास २४ मिनिटे ही वेळ कुठल्या वर्षीची, सपाट रस्त्यावरची की चढाच्या, त्या दिवशी ती कितवी आली आणि शर्यत कशाची होती, हे शेजारी नसेल तर आकडा काहीच सांगत नाही. फ्रान्सच्या धावपटूंबाबत हे जास्तच खरे आहे. त्यांची मोठी यशे एका प्रकारात साठलेली नाहीत. कुणाचे क्रॉस कंट्रीत (माळरानावरची, चिखल-चढांतली शर्यत) आहे, कुणाचे मॅरेथॉनमध्ये, कुणाचे स्टीपलचेसमध्ये (ट्रॅकवरची अडथळे आणि पाण्याच्या उड्यांची शर्यत).

आधी नाव पक्के करा

फ्रेंच निकालपत्रकांत बहुधा आडनाव आधी आणि मोठ्या अक्षरांत छापतात, मागे पहिले नाव. हा क्रम न ओळखल्यामुळे आडनावच पहिले नाव म्हणून मराठी मजकुरात उतरते. दुसरी अडचण लग्नानंतरच्या आडनावाची. माहेरचे आडनाव, सासरचे आडनाव आणि दोन्ही जोडून लिहिलेले आडनाव, अशा तीन रूपांत एकच धावपटू सापडू शकते. म्हणून जन्मवर्ष हीच ओळख धरा. नाव बदलले तरी ते बदलत नाही.

देवनागरीत लिहिताना इंग्रजी उच्चाराच्या मागे जाऊ नका. फ्रेंचमध्ये शब्दाच्या शेवटचे व्यंजन बहुतेक वेळा मुके असते. आलिस फिनो (शेवटी ‘ट’ नाही), मेलिन रोलँ, क्रिस्तेल दोने, आनेत सेर्जां. एकदा ठरवलेले रूप संपूर्ण लेखात तेच ठेवा. वाचक शोध घेतो तोही त्याच रूपाने.

तो प्रकार तेव्हा होता का?

ही पायरी सर्वांत जास्त वेळा गाळली जाते, आणि अन्यायही इथेच सर्वांत मोठा होतो. महिलांसाठी लांब पल्ल्याचे प्रकार ऑलिंपिकमध्ये फार उशिरा आणि एकेक करून आले. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर झाली आणि मग १९६० पर्यंत तीही नव्हती. १५०० मीटर १९७२ मध्ये आली. मॅरेथॉन आणि ३००० मीटर १९८४ मध्ये, १०,००० मीटर १९८८ मध्ये. १९९६ मध्ये ३००० च्या जागी ५००० मीटर आली. ३००० मीटर स्टीपलचेस जागतिक स्पर्धेत २००५ ला आणि ऑलिंपिकमध्ये थेट २००८ ला. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन त्यामानाने लवकर, १९८२ मध्ये सुरू झाली.

ही यादी कागदावर लिहून धावपटूच्या जन्मवर्षाशेजारी ठेवा. आनेत सेर्जांचा जन्म १९६२ चा. तिच्या नावापुढे ५००० मीटरचे ऑलिंपिक पदक शोधण्यात अर्थ नाही, कारण तिच्या उमेदीच्या वर्षांत ती शर्यतच नव्हती. तिचे काम पाहायचे तर जागतिक क्रॉस कंट्रीकडे वळायला हवे: १९८६ मध्ये न्यूशातेलला कांस्य, १९८७ मध्ये वॉर्सा येथे सुवर्ण, १९८९ मध्ये स्टाव्हांगरला पुन्हा सुवर्ण. वॉर्सातल्या त्या शर्यतीत मॅरेथॉनची तेव्हाची जागतिक विक्रमधारक इन्ग्रिड क्रिस्टियानसेन तिसरी होती. हे नाव सोबत दिले की त्या सुवर्णाची किंमत वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. त्यापुढे १९९० च्या स्प्लिट येथील युरोपीय स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्य. ट्रॅकवरचे हे एक पदक पाहून तिला मध्यम दर्जाची ठरवणारा लेख चुकीचा आहे.

चार वह्या, चार हंगाम

क्रॉस कंट्री, इनडोअर, ट्रॅक आणि रस्ता यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा. एकाच यादीत मिसळल्या की कारकिर्दीचा आकार दिसेनासा होतो. फ्रान्समध्ये हिवाळा क्रॉसचा असतो. जिल्हा, प्रदेश, आंतरप्रादेशिक अशा चाळण्यांतून धावपटू राष्ट्रीय क्रॉस अजिंक्यपदापर्यंत पोहोचते. युरोपीय क्रॉस मात्र डिसेंबरमध्येच होते, म्हणून तिची निवड त्या आधीच्या शर्यतींवरून होते. त्यामुळे डिसेंबरात युरोपात चमकलेली धावपटू वसंताच्या तोंडावरच्या राष्ट्रीय स्पर्धेत दिसली नाही तर लगेच दुखापतीचा निष्कर्ष काढू नका. ती इनडोअरकडे किंवा मॅरेथॉनच्या तयारीकडे वळलेली असू शकते.

क्रॉसच्या वेळा आपसांत कधीही ताडू नका. चिखल, चढ, वळणे आणि खुद्द अंतर, सगळेच दरवर्षी वेगळे. इथे फक्त क्रमांक बोलतो. सोफी दुआर्तबद्दल लिहाल तर ‘२०१३, बेलग्रेड, युरोपीय क्रॉस, पहिली’ एवढे पुरे. तसेच वैयक्तिक आणि सांघिक पदके वेगवेगळ्या ओळींत घ्या. संघाचे गुण म्हणजे पहिल्या ठरावीक धावपटूंच्या क्रमांकांची बेरीज. ज्यांची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. म्हणून सतराव्या आलेल्या धावपटूच्या गळ्यातही सुवर्ण दिसू शकते, आणि ते खरेच असते.

स्पर्धा किती वर्षांनी भरते हेही बघा. जागतिक क्रॉस २०११ पर्यंत दरवर्षी होई, नंतर वर्षाआड. पदकांची संख्या मोजून दोन पिढ्या तोलल्या तर नव्या पिढीचे नुकसान होते. वयोगटांत ‘ज्युनियर’ म्हणजे २० वर्षांखालील आणि ‘एस्प्वार’ म्हणजे २३ वर्षांखालील. या दोन्ही गटांतली पदके वरिष्ठ पदकांमध्ये मिसळली जाणार नाहीत याची काळजी घ्या.

वेळ वाचताना

फ्रेंच लेखनात मिनिटासाठी एक (') आणि सेकंदासाठी दोन ('') उभ्या खुणा वापरतात आणि शतांश त्यानंतर येतो. तासापुढे ‘एच’ असतो. मराठीत उतरवताना ८:५८.६७ (मिनिटे, सेकंद, शतांश) आणि २:२४:१२ (तास, मिनिटे, सेकंद) अशी एकच पद्धत ठेवा. विसर्गासारखे दोन ठिपके आणि एक ठिपका यांची अदलाबदल झाली की नऊ मिनिटांची शर्यत नऊ तासांची होते.

आता अचूकतेबद्दल. ट्रॅकवर १०,००० मीटरपर्यंतच्या शर्यतीत विद्युत घड्याळाची वेळ शतांशात देतात. रस्त्यावर आणि क्रॉसमध्ये अपूर्णांक असेल तर वेळ पुढच्या पूर्ण सेकंदावर नेतात. म्हणजे २:२४:११.३ ची नोंद २:२४:१२ अशी होते. म्हणून मॅरेथॉनच्या वेळेपुढे दशांश दिसला तर ती अधिकृत नोंद नाही असे समजा. जुन्या ट्रॅक नोंदीत एकच दशांश असेल तर ती हातघड्याळाची वेळ आहे. तिच्यापुढे शून्य लावून शतांश बनवू नका. शून्य लावल्याने अचूकता वाढत नाही, फक्त खोटी दिसते.

मोठ्या शर्यतीत दोन वेळा मिळतात, पिस्तुलापासूनची आणि चिपची (धावपटूने स्वतः सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची). विक्रम आणि क्रमांक पिस्तुलाच्या वेळेवर ठरतात.

वेग काढून दिला तर वाचकाला आकडा जाणवतो. एकूण सेकंद भागिले अंतर. २:२४:१२ म्हणजे ८६५२ सेकंद, भागिले ४२.१९५, उत्तर २०५.०५ सेकंद, म्हणजे किलोमीटरला सुमारे ३ मिनिटे २५ सेकंद. हा वेग थेट ४२ किलोमीटर टिकवायचा असतो.

विक्रम आणि विजेतेपद यांची गल्लत

क्रिस्तेल दोनेची कारकीर्द यासाठी उत्तम नमुना आहे. जन्म १९७४, ल मां. १ नोव्हेंबर २००९ ला न्यूयॉर्क मॅरेथॉनमध्ये तिसरी. ११ एप्रिल २०१० ला पॅरिसमध्ये २:२४:२२, फ्रान्सचा राष्ट्रीय विक्रम. १६ ऑगस्ट २०१४ ला झुरिकमध्ये २:२५:१४ वेळेत युरोपीय अजिंक्यपद, इटलीच्या वालेरिया स्त्रानेओला १३ सेकंदांनी मागे टाकून. तेव्हा तिचे वय ३९ होते.

झुरिकची वेळ पॅरिसपेक्षा ५२ सेकंदांनी संथ. फक्त वेळांची यादी केली तर २०१४ ची शर्यत घसरणीसारखी दिसते, प्रत्यक्षात ती कारकिर्दीतली सर्वोच्च जागा आहे. अजिंक्यपदाच्या मॅरेथॉनमध्ये वेगकरी (ठरलेला वेग धरून इतरांपुढे धावणारे) नसतात, शर्यत ऑगस्टमध्ये असते आणि सगळे एकमेकींवर नजर ठेवून धावतात. म्हणून मांडणी करताना ‘सर्वोत्तम वेळ’ आणि ‘सर्वोत्तम कामगिरी’ अशा दोन ओळी ठेवा. एकीने दुसरी झाकू नका.

रस्त्याच्या विक्रमाआधी आणखी तीन गोष्टी तपासा. सुरुवात आणि शेवट यांतले सरळ अंतर शर्यतीच्या निम्म्याहून जास्त नसावे. उतार किलोमीटरला सरासरी एक मीटरपेक्षा जास्त नसावा. म्हणूनच बॉस्टनच्या वेळा विक्रमाला धरत नाहीत. आणि शर्यत फक्त महिलांची होती की पुरुषांसोबतची मिश्र, कारण जागतिक विक्रमाच्या याद्या या दोन्हींसाठी वेगळ्या असतात.

दोनेचा विक्रम १८ फेब्रुवारी २०२४ ला सेव्हिलमध्ये मेलिन रोलँने २:२४:१२ अशी वेळ देऊन मोडला. फरक दहा सेकंद, म्हणजे किलोमीटरला पाव सेकंदाहूनही कमी. मधली चौदा वर्षे नुसती मोकळी सोडू नका. या काळात कार्बन पट्टीचे, जाड तळाचे बूट आले (रस्त्यावर आता तळाची मर्यादा ४० मिलिमीटर). सेव्हिलचा मार्ग सपाट आहे. माझ्या मते २०१० ची पॅरिसमधली वेळ आजच्या बुटांच्या तुलनेत अधिक वजनाची आहे. त्याने रोलँचे श्रेय कमी होत नाही, विक्रम तिचाच. पण लेखात बुटांचा उल्लेख नसेल तर तुलना अर्धवट राहते.

त्या चौदा वर्षांतली एक नोंद हमखास चुकवते. १४ एप्रिल २०१९ च्या पॅरिस मॅरेथॉनमध्ये क्लेमांस काल्व्हँची २:२३:४१ ही वेळ काही जुन्या बातम्यांत राष्ट्रीय विक्रम म्हणून अजून दिसते. उत्तेजक चाचणी टाळल्याच्या प्रकरणात तिच्यावर चार वर्षांची बंदी आली आणि ती वेळ रद्द झाली. विक्रम दोनेकडेच राहिला. मात्र २०१८ चे बर्लिनमधले युरोपीय मॅरेथॉनचे रौप्य, जे २:२६:२८ वेळेत मिळाले, ते त्याआधीचे असल्याने कायम आहे. रीत अशी: बंदी कधी जाहीर झाली हे नव्हे, तर निकाल कोणत्या तारखेपासून रद्द झाले ते शोधा आणि त्याच तारखेला रेघ ओढा. आधीचे पुसू नका, नंतरचे ठेवू नका.

एकच शर्यत पूर्ण उलगडून बघा

आलिस फिनोची ६ ऑगस्ट २०२४ ची पॅरिस ऑलिंपिक अंतिम शर्यत घ्या. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. महिलांसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर. निकाल: विनफ्रेड याव्ही ८:५२.७६, पेरुथ चेमुताई ८:५३.३४, फेथ चेरोटिच ८:५५.१५, फिनो ८:५८.६७. चौथी. ‘पदक हुकले’ एवढे लिहून थांबलात तर मोठी गोष्ट निसटली, कारण ८:५८.६७ हा युरोपचा विक्रम होता. आधीचा विक्रम गुलनारा गॅल्किनाच्या नावावर, २००८ च्या बीजिंग अंतिम शर्यतीतला, ८:५८.८१. म्हणजे ऑलिंपिक सुवर्ण जिंकून देणाऱ्या वेळेपेक्षा फिनो १४ शतांशाने वेगवान होती आणि तरी चौथी आली. पदकतालिकेत तिची ओळ कोरी दिसते. याच कारणासाठी प्रकाराची पातळी किती उंचावली आहे ते सोबत द्यावे लागते.

त्याच वर्षी जूनमध्ये रोममध्ये ती युरोपीय विजेती झाली. आदल्या वर्षी बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत पाचवी, ९:०६.१५. एका वर्षात साडेसात सेकंदांची सुधारणा. २०२१ मध्ये टोरुन्यात तिला युरोपीय इनडोअर ३००० मीटरचे रौप्य मिळाले होते, म्हणजे अडथळ्यांशिवायचा वेग आधीपासून होता. ही साखळी तारखेप्रमाणे लावली की सुधारणा कुठून आली ते आपोआप कळते.

पात्रतेची ओळ

‘ऑलिंपिकमध्ये सहभागी’ एवढ्यावर सोडू नका. पॅरिस २०२४ साठी महिलांचे थेट पात्रता निकष असे होते: मॅरेथॉन २:२६:५०, १०,००० मीटर ३०:४०.००, ५००० मीटर १४:५२.००, स्टीपलचेस ९:२३.००. निकष न गाठणाऱ्यांना जागतिक क्रमवारीचा दुसरा रस्ता होता. प्रत्येक देशाला जास्तीत जास्त तीन जागा. फ्रान्सकडून मॅरेथॉनला रोलँ, मेकदेस वोल्दू आणि मेलोदी ज्युलियँ उतरल्या. ११ ऑगस्टची ती शर्यत व्हर्सायकडे जाऊन परतणारी, चारशे मीटरहून अधिक चढाची होती. तिथली वेळ सेव्हिलच्या वेळेशेजारी ठेवू नका.

तक्ता

आठ रकाने पुरतात: दिनांक, स्पर्धा, ठिकाण, प्रकार, फेरी, क्रमांक, वेळ, खूण. फेरीचा रकाना वगळला की प्राथमिक फेरीतला दुसरा क्रमांक अंतिम फेरीतला समजला जातो. खुणेत पीबी म्हणजे वैयक्तिक सर्वोत्तम, एसबी म्हणजे हंगामातील सर्वोत्तम, एनआर म्हणजे राष्ट्रीय विक्रम. डीएनएफ म्हणजे शर्यत सोडली, डीएनएस म्हणजे सुरुवातच केली नाही, डीक्यू म्हणजे बाद. या शेवटच्या तिघांना ‘हरली’ असे लिहू नका, आणि या ओळी गाळूही नका. मॅरेथॉन धावणारीच्या कारकिर्दीत दोन चांगल्या निकालांमधली एक डीएनएफ पुढचे सहा महिने समजावून सांगते.

एनआर ही खूण त्या दिवसापुरती असते. जुन्या निकालातली एनआर पाहून ‘राष्ट्रीय विक्रमधारक’ असा वर्तमानकाळ वापरू नका. ‘त्या वेळचा राष्ट्रीय विक्रम’ लिहा आणि पुढे तो कुणी, कधी, कुठे मोडला तेही त्याच ओळीत जोडा.