सनावळी लक्षात राहण्यासाठी सुतळी आणि चित्रं

मुलं सन पाठ करतात, पण दोन घटनांमध्ये किती काळ गेला हे त्यांना उमगत नाही. त्यासाठी वर्गात सुतळी बांधा.

१. तीन मीटर सुतळी भिंतीवर ताणून बांधा. एक वर्ष म्हणजे एक सेंटिमीटर.
२. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर प्रत्येक गटाला एकेक चित्र काढायला द्या. माणसं नकोत, चेहऱ्यातच तास संपतो. वस्तू काढू द्या. नागपूरसाठी: १७०२, बख्त बुलंद शाहचं नवं शहर (घरं), १८१७, सीताबर्डीची लढाई (टेकडी, तोफ), १८५४, भोसल्यांचं राज्य खालसा (रिकामी गादी), १९२३, झेंडा सत्याग्रह, १९५६, धम्मदीक्षा (धम्मचक्र).
३. अंतर मुलांनाच पट्टीने मोजू द्या आणि चित्रं कपड्यांच्या चिमट्यांनी लावा. सीताबर्डीपासून खालसापर्यंत जेमतेम ३७ सेंटिमीटर! हे दिसलं की प्रश्न आपोआप येतात, आणि खरा इतिहासाचा तास तिथेच सुरू होतो. घाई करू नका, बोलू द्या.

एक जपा: १९२३ च्या झेंड्यावर चरखा होता. मुलं सवयीने अशोकचक्र काढतात, म्हणून रंगवण्याआधी पेन्सिलीचं चित्र बघून घ्या.