स्वस्त आणि पगार देणारी इंजिनिअरिंग डिग्री निवडताय? या चुका टाळा

भाच्यासोबत एका कॉलेजचं माहितीपत्रक चाळत बसलो होतो. पहिल्याच पानावर जाड अक्षरांत सरासरी पॅकेज छापलेलं. भाचा खूश. मी विचारलं, "सरासरी कितीजणांची?" त्याने सगळी पानं उलटीपालटी केली. उत्तर कुठेच नव्हतं.

डिग्री निवडताना होणाऱ्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. अंश ठळक छापलेला असतो, छेद गायब असतो.

सरासरी पॅकेजवर विश्वास ठेवणं

समजा, दहा जणांना नोकरी लागली. दोघांना वर्षाला 30 लाख, उरलेल्या आठ जणांना 4 लाख. सरासरी येते 9.2 लाख. प्रत्यक्षात 9 लाखांच्या आसपासचा पगार दहापैकी एकालाही नाही. म्हणून सरासरी नको, मध्यक विचारा: सगळ्यांना पगाराच्या क्रमाने उभं केलं तर मधोमध उभ्या असलेल्याचा पगार. इथे तो 4 लाख आहे.

आता छेद. वर्गात 60 मुलं होती, तर बाकीची 50 कुठे गेली? "नोंदणी केलेल्यांपैकी 95 टक्के प्लेसमेंट" असं लिहिलेलं दिसलं की नोंदणी कोणाला करू दिली होती ते विचारा. बॅकलॉगवाल्यांना, म्हणजे ज्यांचे मागचे विषय अजून सुटलेले नाहीत त्यांना, बहुधा आधीच बाजूला काढलेलं असतं. आणि ते 30 लाखांचं पॅकेज पुरतं हातात पडतं असंही नाही. एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस, काही वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळणारे शेअर, निवृत्तिनिधीतला कंपनीचा वाटा, सगळं त्यात घुसडलेलं असतं.

सर्वांत खरी माहिती पाच वर्षांपूर्वी पास झालेल्यांकडे मिळते. त्यातल्या चार-पाच जणांना फोन करा, पण ते कॉलेजने सुचवलेले नसावेत.

फी कमी, म्हणून डिग्री स्वस्त

जर्मनीचं उदाहरण घ्या. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नाही, हे खरं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात 2017 पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सेमिस्टरला 1500 युरो भरावे लागतात. शिवाय फी नसली तरी राहणं-खाणं आणि आरोग्य विमा असतोच. बेरीज डिग्री हातात पडेपर्यंतच्या सगळ्या खर्चाची करायची.

कर्जाचं गणित तर फार कमी जण मांडतात. समजा, चार वर्षांची फी चार सारख्या हप्त्यांत, दरवर्षीच्या सुरुवातीला कर्जातून उचलली. व्याज 10 टक्के, आणि शिकत असताना काहीच फेडलं नाही. पहिल्या हप्त्यावर चार वर्षांचं व्याज, दुसऱ्यावर तीन, तिसऱ्यावर दोन, चौथ्यावर एक. सरळव्याजाने धरलं तरी 40, 30, 20 आणि 10 मिळून बरोबर 100 टक्के, म्हणजे एका अख्ख्या वर्षाची फी. शिकलात चार वर्षं, डोक्यावर पाच वर्षांची फी. चक्रवाढ असेल तर आणखी जास्त. शिकतानाच दरमहा निदान व्याज भरत राहिलात, तर हा पाचवा हप्ता तयारच होत नाही.

एखादं वर्ष वाया गेलं तर त्या वर्षाचा खर्च वाढतोच, वर एका वर्षाचा पगारही बुडतो. त्यामुळे किती मुलं वेळेत पास होतात, हा प्रश्नसुद्धा पैशांचाच आहे.

मान्यता कॉलेजची आहे, एवढ्यावर थांबणं

विद्यापीठाला मान्यता असणं वेगळं आणि तुमच्या कोर्सला मानांकन (त्या कोर्सचा दर्जा तपासून दिलेली पावती) असणं वेगळं. मानांकन ब्रांचनुसार असतं, त्याला मुदत असते. एकाच इमारतीतल्या सिव्हिलला ते असेल आणि शेजारच्या नव्या ब्रांचला नसेल. परदेशी जायचं मनात असेल, तर वॉशिंग्टन अकॉर्ड बघा. 1989 साली सहा देशांच्या मानांकन संस्थांनी केलेल्या या कराराचे सदस्य एकमेकांनी मानांकन दिलेल्या इंजिनिअरिंग डिग्र्या समकक्ष धरतात. भारत 2014 मध्ये त्याचा पूर्ण सदस्य झाला. पण देश सदस्य आहे म्हणून तिथली प्रत्येक डिग्री आपोआप त्यात बसत नाही. शिवाय ‘इंजिनिअरिंग’ आणि ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ ही नावं कानाला सारखी वाटतात, पण टेक्नॉलॉजिस्टसाठी सिडनी अकॉर्ड हा वेगळा करार आहे. फॉर्म भरण्याआधी प्रमाणपत्रावर नेमकं काय छापून येणार ते वाचा.

आजची बातमी वाचून ब्रांच निवडणं

2012 मध्ये कच्चं तेल पिंपाला 100 डॉलरच्या वर होतं आणि पेट्रोलियम इंजिनिअरांना मोठे पगार मिळत होते. ते पाहून ज्याने प्रवेश घेतला, तो 2016 मध्ये बाहेर पडला. त्या जानेवारीत भाव 30 डॉलरच्याही खाली घसरला होता. त्याची हुशारी कुठेच कमी पडली नाही, फक्त घड्याळ चुकलं.

रिचर्ड फ्रीमन या अर्थशास्त्रज्ञाने 1976 मध्ये इंजिनिअरांच्या बाबतीत हेच दाखवलं होतं. पगार वाढला की प्रवेशाला झुंबड उडते, चार वर्षांनी सगळे एकदम बाजारात येतात, पगार पडतो, मग प्रवेश आटतात आणि पुन्हा टंचाई होते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: पहिली डिग्री रुंद असू द्या. इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, केमिकल, सिव्हिल किंवा कॉम्प्युटर. इलेक्ट्रिकलवाला वीज, चिप, मोटर, सॉफ्टवेअर असा कुठेही वळू शकतो. चार फॅशनेबल शब्द जोडून बनवलेल्या ब्रांचच्या मुलाला मात्र मुलाखतीत आधी आपली ब्रांचच समजावून सांगावी लागते. खास विषय पुढे इलेक्टिव्हमध्ये (स्वतः निवडायच्या विषयांत) किंवा मास्टर्सला घेता येतो.

लॅब न बघता प्रवेश घेणं

वर्कशॉपमध्ये जाऊन लेथ या धातू कातायच्या मशीनखालच्या ट्रेमध्ये डोकवा. धातूचा कीस दिसला तर मशीन चालतंय. ऑसिलोस्कोपवरचं (विजेच्या लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्रावरचं) प्लास्टिक अजून निघालेलं नसेल, तर तो पाहुण्यांना दाखवायलाच ठेवलाय. (मार्गदर्शक म्हणेल, "कालच साफ केलं." वापराचं रजिस्टर मागा.)

त्याच फेरीत पगारी इंटर्नशिप किती महिन्यांची आणि कोण मिळवून देतं, तेही विचारा. काही महिने शिक्षण आणि काही महिने नोकरी ही को-ऑप पद्धत सिनसिनाटी विद्यापीठात 1906 मध्ये सुरू झाली. ती नीट चालत असेल तर खर्चाचा काही भाग विद्यार्थी स्वतःच कमावतो.

चूक आधीच झाली असेल तर

पहिल्या वर्षात असाल तर ब्रांच बदलायचा अर्ज आत्ताच करा. गणित, भौतिकशास्त्र, प्रोग्रॅमिंग असे सुरुवातीचे विषय बऱ्याच ब्रांचना समान असतात, त्यामुळे नुकसान कमी होतं. कॉलेज बदलणार असाल, तर कोणते क्रेडिट (पास झालेल्या विषयांचे गुणांक) धरले जातील ते नव्या कॉलेजकडून आधी लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’वर विसंबलेल्यांना तेच विषय दुसऱ्यांदा, पुन्हा पैसे भरून शिकावे लागलेत.

तिसऱ्या वर्षात ब्रांच बदलण्याच्या फंदात पडू नका. तिथून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आणि इलेक्टिव्ह हव्या त्या क्षेत्रात वळवा. मेकॅनिकलच्या मुलाने प्रोजेक्टसाठी बॅटरीचं तापमान आवरणारी यंत्रणा घेतली, तर इलेक्ट्रिक वाहनांच्या मुलाखतीत त्याच्याकडे बोलायला काहीतरी असेल. आणि बॅकलॉग असतील, तर प्रोजेक्टच्याही आधी ते काढा.