१७९८ चा अमेरिकी राजद्रोह कायदा कसा वाचावा

अमेरिकेतील फेडरलिस्ट (अध्यक्ष अ‍ॅडम्स यांचा पक्ष) आणि तेव्हाचे रिपब्लिकन (जेफरसन यांचा पक्ष; आजचा रिपब्लिकन पक्ष नव्हे) यांच्यातील वाद समजून घ्यायचा असेल, तर नेत्यांची चरित्रे बाजूला ठेवून अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स यांनी १४ जुलै १७९८ रोजी सही केलेला राजद्रोह कायदाच आधी वाचावा. तो अवघ्या चार कलमांचा आहे.

दुसऱ्या कलमात कोणाची बदनामी गुन्हा ठरते, ते नीट पाहावे. सरकार, काँग्रेसची (अमेरिकी संसदेची) दोन्ही सभागृहे आणि अध्यक्ष यांचा उल्लेख आहे, उपाध्यक्षांचा नाही. त्या पदावर तेव्हा विरोधी पक्षाचे थॉमस जेफरसन होते, हे आठवले की खरी मेख कळते. चौथ्या कलमानुसार कायद्याची मुदत ३ मार्च १८०१ रोजी, म्हणजे अ‍ॅडम्स यांच्या कार्यकाळाबरोबरच संपणार होती.

तिसरे कलम मात्र वगळू नये. विधान खरे असल्याचा बचाव त्यात मान्य केला आहे आणि इंग्लंडच्या तत्कालीन कायद्याच्या तुलनेत ही सवलत मोठीच होती. अर्थात, मत ‘खरे’ असल्याचे सिद्ध कसे करायचे, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी व्हरमाँटचे काँग्रेस सदस्य मॅथ्यू लायन यांचा खटला पाहावा: चार महिने कैद, १,००० डॉलर दंड आणि तुरुंगात असतानाच पुन्हा निवड.

शेवटी या कायद्याच्या विरोधात केंटकी आणि व्हर्जिनिया या राज्यांच्या विधिमंडळांनी केलेले ठराव वाचावेत. त्यांचे मसुदे अनुक्रमे जेफरसन आणि जेम्स मॅडिसन यांनी नाव गुप्त ठेवून लिहिले होते. जेफरसन यांना सरसकट मुद्रणस्वातंत्र्याचे कैवारी समजण्याची घाई करू नये, कारण त्यांच्या युक्तिवादाचा मोठा भाग मुद्रणावर निर्बंध घालण्याचा अधिकार संघराज्याला नसून राज्यांकडे राखलेला आहे, यावरच बेतलेला आहे.