शेजारच्या आंटीला स्वर्गाबद्दल विचारायचं असेल तर

म्हापशात आमच्या वाड्यावर अर्धी घरं कॅथलिकांची. 'आम्ही हिंदू तुमच्या स्वर्गात येऊ शकतो का?' हे विचारायचंच असेल, तर २ नोव्हेंबरला, म्हणजे त्यांच्या मृतांच्या स्मरणदिनी, सिमेटरीत मेणबत्त्या लावणाऱ्या माणसाला गाठू नका. दुसऱ्या दिवशी चहाला जा.

जाण्याआधी थोडा इतिहास वाचा. १४४२ साली फ्लॉरेन्सच्या कॅथलिक धर्मपरिषदेने चर्चबाहेरच्यांना सरळ नरकाग्नी सांगितला होता. १९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने म्हटलं, स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्त कळला नाही, पण जो मनापासून देवाला शोधतो आणि सद्सद्विवेकाने वागतो, त्यालाही तारण मिळू शकतं. मिळतंच असं नव्हे, हे विसरू नका. आमच्याकडचे उत्साही लोक इथेच घसरतात.

बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्यांचा विषय जपून काढा. पूर्वी त्यांच्यासाठी 'लिंबो' सांगत, म्हणजे ना स्वर्ग ना नरकयातना अशी जागा. २००७ मध्ये व्हॅटिकनच्या धर्मतज्ज्ञांनी लिहिलं, की त्यांच्या तारणाची आशा धरायला आधार आहे. समोरच्या आजीचं एखादं बाळ तसंच गेलेलं असू शकतं, म्हणून तिने काढला तरच बोला.

परगेटरी, म्हणजे स्वर्गात जाण्याआधी आत्म्याची शुद्धी होते ती अवस्था, मात्र अजून शिकवणीत आहे. मृतांसाठी मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) ठेवतात ती त्यामुळेच. बाकी खोलात शिरायचं तर फादरांना विचारा.